अखाजीच्या आधीचा दाखला

सणांचा मला कंटाळा होता, हे आधीच सांगून टाकतो. मास्तरानं असं बोलू नये म्हणतात. पण तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, वरून कौलांतली माती पडतेय, एका वर्गाला पाढे द्यायचे तोवर दुसरा वर्ग बाजार भरवतोय, आणि त्यात दर पंधरा दिवसांनी एक सण. सणाच्या आदल्या दिवशी पोरं शिकत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. मास्तरानं मात्र पताका कापायच्या, खळ शिजवायची, गाणं बसवायचं आणि सगळं उरकल्यावर तीच खोली झाडून घ्यायची. ज्यानं हे केलंय त्याला मी काय म्हणतो ते कळेल.

नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेवरची पाटी नुकतीच बदलली होती. नवी पुस्तकं आली होती आणि पुस्तकांपेक्षा जास्त सूचना आल्या होत्या. त्यातली एक अशी, की मुलांना ऋतू, पिकं आणि सण यांची सांगड घालून शिकवावं आणि वर्गात तसा तक्ता लावावा. मी कापडाच्या दुकानातून पुठ्ठे मागून आणले, ते खळीनं जोडले आणि बारा महिन्यांचे बारा चौकोन आखले. वरच्या ओळीत ऋतू, मधल्या ओळीत शेतातलं पीक, खालच्या ओळीत सण. तक्ता चांगला झाला होता. अक्षर माझं पहिल्यापासून वळणदार. तपासणीला आलेले साहेब त्याच्यासमोर थांबतील असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर तो मी साहेबांसाठीच केला होता.

मी घाटावरचा, देऊळगाव राजाकडचा. शाळा घाटाखाली, रोहिणखेडपासून दीड-दोन कोसांवरच्या एका गावात. जिल्हा एकच, म्हणून घरच्यांना वाटलं बदली सोयीची झाली. पण घाट उतरला की बोली बदलते. आमच्याकडं 'मला' म्हणतात, इकडं 'मले'. आमच्याकडं दुसऱ्याच्या शेतावर वर्षाच्या बोलीनं राबतो त्याला सालगडी म्हणतात, इकडं सालदार. एवढे फरक मला पहिल्याच महिन्यात कळले आणि मला वाटलं, झालं, आता इथलं सगळं आपल्याला कळतं.

वर्गात मात्र माझं एक वाक्य ठरलेलं होतं. पोरांना काही विचारलं की ती मान डोलावत. कळलं का? हाव गुरुजी. काय कळलं? गप्प. तेव्हा मी छडी टेबलावर आपटून म्हणायचो, "माहीत नसलं तर विचारायचं. विचारायला लाज कशाची? उगाच माहीत आहे म्हणून मान हलवायची नाही." दिवसातून दोनदा तरी हे वाक्य व्हायचं. मागच्या बाकावरची पोरं माझ्या आधीच ओठ हलवून ते म्हणत.

ती मुलगी जून महिन्यात आली. दहा-अकरा वर्षांची, अंगानं किरकोळ, हातात पाटी नव्हती पण पाटीचा एक तुकडा होता, चौकट निघून गेलेला. तिचा बाप त्या वर्षी आमच्या गावातल्या एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालदार म्हणून लागला होता. तो शाळेच्या पायरीखालीच उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

हेडमास्तरांनी विचारलं, "कितवीत होती?"

"तिसरीत," बाप म्हणाला.

"मग पास झाली असेल तर चौथीत बसेल. दाखला?"

"दाखला नाही जी."

"त्याच्या आदल्या साली कितवीत होती?"

"तवाबी तिसरीतच."

हेडमास्तर माझ्याकडं पाहून हसले. मीही हसलो. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मी नापास नाही झाली. पयल्या साली परीक्षा व्हायच्या आंदीच आमी गाव सोडलं. मंगच्या साली परीक्षा देली, पण निकाल लागाच्या आंदी सोडलं."

बाप म्हणाला, "दाखला काढाले मी दोन खेपा केल्या जी. पण शाळेले सुट्ट्या लागल्या होत्या. मास्तर आपल्या गावाले गेलते. मंग पेरणी लागली, तं जाणं नाही झालं."

मी तिला पुस्तक दिलं. तिनं धडा घडाघडा वाचला. चौथीचं पुस्तक दिलं, तेही वाचलं, फक्त जोडाक्षराला अडखळली. मी हेडमास्तरांना म्हटलं, चौथीत बसवू या. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते, पण निवृत्तीला थोडी वर्षं राहिली होती. ते म्हणाले, "दाखल्याशिवाय चौथीत नाव घातलं तर उद्या तपासणीत मला उभं करतील. तिसरीतच बसू द्या. वर्षभराचा तर प्रश्न आहे."

बापानं ते ऐकून घेतलं. मग मुलीकडं न पाहता म्हणाला, "गुरुजी, मी सांगतो तुमाले. औंदा पास होऊन चवथीत गेली तं ठीक. नाही तं मंग बस झालं. तिची माय एकलीच कामाले जाते. एकच यत्ता किती येळा शिकवाची?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, त्यानं मनाशी ठरवलेलं सांगितलं इतकंच. मी त्या मुलीला म्हणालो, "तू पास हो. दाखला मी स्वतः तुझ्या हातात देईन. बापाला खेप घालावी लागणार नाही." बोलून गेलो. जूनमध्ये मास्तर ताजेतवाने असतात.

वर्ष सुरू झालं. तक्त्याचा एकेक चौकोन पुढं सरकत गेला. पोळ्याला मी पोरांना मातीचे बैल करायला सांगितले. शेतकऱ्यांच्या पोरांनी केलेले बैल आमच्या बाकांवर रांगेत उभे राहिले, सगळे सारखेच, फुगलेले, शिंगं आभाळाकडं. तिनं केलेल्या बैलाचं डावं शिंग खाली वळलेलं होतं आणि मानेवर जुवाचा घट्टा होता. मी विचारलं, "शिंग असं का?" ती म्हणाली, "हा मालकाचा बैल हाये. बाबा त्याले रोज धुते. त्याचं शिंग असंच हाये." बाकीच्या पोरांनी स्वतःच्या घरचे बैल केले होते आणि त्यांतला एकही कोणाच्या घरच्या बैलासारखा दिसत नव्हता. मी तिचा बैल तक्त्याखालच्या फळीवर ठेवला. तो वाळून तडकेपर्यंत तिथं होता.

भुलाबाईचे दिवस आले तेव्हा मुली दुपारच्या सुट्टीत खोलीच्या कोपऱ्यात पाट मांडून गाणी म्हणत. गाणी संपली की झाकलेला डबा पुढं येई आणि आत खाऊ काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. सुट्टी संपली तरी ओळखणं संपत नसे, आणि या डब्याच्या आवाजात मला तीन दिवस गणिताचा तास घेता आला नाही. मी चिडलो की मुली डबा माझ्यासमोर हलवून विचारत, "गुरुजी, तुमी वळखा." मी म्हणे, "मला वेळ नाही." आज वाटतं, ओळखायला काय हरकत होती. शेंगदाणे नाहीतर फुटाणे, दुसरं काय असणार.

दिवाळीनंतर कापूस फुटला आणि वर्ग निम्मा रिकामा झाला. मुली वेचणीला गेल्या. ही मात्र एक दिवस येई, एक दिवस जाई. ज्या दिवशी येई त्या दिवशी बोटांच्या टोकांना बोंडांच्या काट्यांचे ओरखडे असत आणि पाटीवरचं अक्षर वाकडं येई. मी शुद्धलेखनात दोन गुण कमी करायचो, कारण अक्षराला गुण असतात असं मी सगळ्यांना सांगितलं होतं आणि एकीला सूट दिली असती तर बाकीच्यांनी गिल्ला केला असता. असली न्यायबुद्धी मास्तराला फार लवकर येते.

संक्रांतीच्या आधी मी निबंध दिला, 'माझा आवडता सण'. तिसरीला पाच ओळी, चौथीला दहा. वहीभर दिवाळी आणि पोळा वाचून माझे डोळे मिटायला लागले होते. सगळ्यांनी फटाके उडवले होते, सगळ्यांनी करंज्या खाल्ल्या होत्या, ज्यांच्या घरी दोन्ही नव्हतं त्यांनीसुद्धा. तिची वही शेवटून तिसरी होती. तिनं लिहिलं होतं: मला भुलाबाई आवडते. भुलाबाईत आम्ही गाणी म्हणतो. भुलाबाईत डबा ओळखतात. भुलाबाई एक महिना राहते. मला अखाजी आवडत नाही.

शेवटच्या ओळीवर मी लाल पेन्सिलीनं काट मारली. बाजूला लिहिलं, 'विषय आवडत्या सणाचा आहे.' आणि पाचपैकी चार गुण दिले.

ती वही आज माझ्याकडं नाही, पण ती काट मला दिसते. अखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पोरींचा सण. झाडाला झोके बांधतात, सासरच्या मुली माहेरी येतात, आंब्याचा रस असतो, कुरडया असतात. असा सण दहा वर्षांच्या पोरीला का आवडत नसेल, हे मी विचारायला हवं होतं. माझ्यापुढं अजून दोन वह्या होत्या आणि दिवा लागायच्या आत त्या संपवायच्या होत्या, म्हणून मी विचारलं नाही.

त्यानंतर तिनं अखाजीचा विषय माझ्याकडं तीनदा काढला. पहिल्यांदा तक्त्यासमोर उभं राहून. "गुरुजी, यात अखाजी कुठं हाये?"

मी म्हटलं, "तक्त्यात अखाजी नसते, अक्षय्य तृतीया असते. वैशाखात बघ."

तिनं बोट फिरवत फिरवत जोडाक्षर शोधलं. "मंग वैशाख कवा येते? परीक्षेच्या आंदी का नंतर?"

"परीक्षेच्या नंतर," मी म्हणालो. ते खरंही होतं. अखाजी परीक्षेनंतरच येणार होती. निकालाच्या आधी की नंतर, हे तिनं विचारलं नाही आणि मीही भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं नाही. त्या वर्षी अखाजी एप्रिल संपायच्या आतच होती. आमचा निकाल एक मेला, झेंडावंदन झाल्यावर, सगळ्या गावासमोर वाचून दाखवायचा असं हेडमास्तरांनी ठरवलं होतं. नव्या राज्याचा दिवस म्हणून.

आता पाडव्याचं सांगतो, कारण माझी चूक तिथं झाली.

आमच्या घाटावर सालगड्याचं साल पाडव्याला सरतं. लहानपणापासून मी तेच पाहिलं होतं. पाडव्याच्या सकाळी एका वाड्यातून गाडग्या-मडक्यांसह एक कुटुंब निघे आणि दुसऱ्या वाड्यात जाई. ज्याचं जमलं तो राही. पाडव्याच्या दुपारपर्यंत जो गडी हलला नाही, तो आता पुढच्या पाडव्यापर्यंत इथंच, हे कोणाला सांगावं लागत नसे.

त्या पाडव्याला मी गावी गेलो नव्हतो. शाळेवर गुढी उभारून, कडुलिंबाचा पाला आणि गूळ पोरांच्या हातावर ठेवून मी परत निघालो, तेव्हा मुद्दाम त्या शेतकऱ्याच्या गोठ्यावरून गेलो. तिचा बाप बैलांना पाणी दाखवत होता. दुपारी पुन्हा पाहिलं. तिथंच. संध्याकाळीही तिथंच. मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. ही पोरगी आता चौथीत याच खोलीत बसणार, दाखल्याची भानगडच नाही, हजेरीपटात फक्त नाव खालच्या यादीतून वरच्या यादीत न्यायचं. माझं एक काम वाचलं, हेही मनात आलंच.

दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "चला, पाडवा झाला. आता तुझी काळजी मिटली."

ती म्हणाली, "अखाजी बाकी हाये न, गुरुजी."

"येईल गं अखाजी. सणाची एवढी कसली घाई?"

वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली.

सकाळची शाळा सुरू झाली. ऊन तापायला लागलं. परीक्षा झाली. ती सगळ्या पेपरांना आली, एकही चुकवला नाही. मी गठ्ठा घरी आणला आणि खाटेखाली सारला. रोज उघडीन म्हणायचो. त्या दिवसांत मला जेवण करून घ्यायचाही कंटाळा यायचा. भाकरी बडवायला कोणी नव्हतं, घरचे सगळे देऊळगावकडं, खोलीवर पत्रे आणि पत्र्यांवर एप्रिल महिना. गठ्ठा शेवटी मी एका दुपारी सोडला, डोक्याला ओला पंचा गुंडाळून. तिचे पेपर पाहिले. ती वर्गात दुसरी आली होती.

मी गुणांची बेरीज करत होतो आणि दाराशी सावली पडली. ती उभी होती. एकटीच. केसांना तेल लावून घट्ट वेणी घातली होती.

"काय गं?"

"उद्या अखाजी हाये, गुरुजी."

"माहीत आहे मला," मी म्हणालो.

ती थांबली. मी पुन्हा बेरजेत डोकं घातलं. थोड्या वेळानं वर पाहिलं तर ती अजून तिथंच होती, एका पायाच्या बोटानं उंबऱ्याचा शेणाचा पोपडा काढत.

"माहीत आहे म्हटलं ना. जा आता. उद्या झोके घ्या, रस खा. निकालाला या सगळ्या वेळेवर."

"बरं," ती म्हणाली आणि गेली.

एवढंच झालं. तिनं दाखला हा शब्द उच्चारला नाही. मास्तरानं एकदा शब्द दिलाय, तो पुन्हा मागायचा नसतो, एवढी रीत तिला ठाऊक होती. आणि मी बेरीज पुरी केली. तिचीच बेरीज होती ती.

एक मेला झेंडा वर गेला. गावातले चार प्रतिष्ठित खुर्च्यांवर, बाकी ओट्यावर. मी तिसरीचा निकाल वाचला. पहिला नंबर, टाळ्या. दुसऱ्या नंबराला मी तिचं नाव घेतलं. कोणी उठलं नाही. पुन्हा घेतलं.

पुढच्या ओळीतलं एक पोरगं म्हणालं, "ते गेले न गुरुजी."

"कुठं गेले?"

"दुसऱ्या मालकाकडं. अखाजीले गेले. साल सरलं न त्यायचं."

मी म्हणालो, "साल पाडव्याला सरतं."

आधी पोरं हसली, मग ओट्यावरची माणसं हसली. एक म्हातारा तोंडातला विडा आवरत म्हणाला, "पाडव्याले कुठं साल सरते गुरुजी? आपल्या इकडं अखाजीले सरते." त्यात चेष्टा नव्हती. मास्तराला ठाऊक नसलेली एक गोष्ट सापडली म्हणून सगळ्यांना मजा वाटत होती. मी हातातला कागद धरून उभा होतो आणि मला एकामागून एक सगळं आठवत गेलं. तक्त्यावरचं बोट. लाल काट. दारातली घट्ट वेणी.

कार्यक्रम उरकल्यावर हेडमास्तर म्हणाले, "अहो, इथलं दहा वर्षांचं पोरसुद्धा सांगेल हे. आणि मला वाटलं, तुम्ही दाखला देऊन मोकळे झाला असाल. सही करून कोरा फॉर्म मी तुमच्या टेबलात ठेवला होता."

दाखला मी त्याच दुपारी लिहिला. माझ्या उत्तम अक्षरात. इयत्ता तिसरी उत्तीर्ण, वर्तणूक चांगली. ते लोक कुठं गेले तेही कळलं, तीन कोसांवरचं गाव. उठून गेलो असतो तर दिवस मावळायच्या आत परत आलो असतो. पण मोटार दोन वाजता होती, सुट्टी लागली होती आणि मी पाडव्यालाही घरी गेलो नव्हतो. मी स्वतःला सांगितलं की शाळा जूनमध्ये उघडणार, आत्ता नेऊन काय करायचं. दाखला ट्रंकेत कपड्यांच्या घडीत ठेवला आणि घाट चढून गेलो. थकलो होतो, हे खरं आहे. पण थकलेला माणूस तीन कोस चालू शकतो.

जूनमध्ये परतलो तर इथली नवी नावं, नवी पुस्तकं, गळणारी कौलं. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी मी निघालो. काळ्या मातीची ढेकळं वहाणांना चिकटत होती, शेवटी वहाणा हातात घेतल्या. त्या गावच्या मास्तरांची खोली शाळेला लागूनच होती. ते म्हणाले, "आली होती पोरगी पहिल्या दिवशी, बापाबरोबर. दाखला नव्हता. मी म्हटलं, तिसरीत बसवतो. बाप म्हणाला, राहू द्या मग. घेऊन गेला."

मी खिशातला दाखला काढून दाखवला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "आता आणला?" मग मला शेताची वाट दाखवली.

शेतात पेरणी चालू होती. तिचा बाप तिफण हाकत होता. तिफणीमागं दोरीनं बांधलेलं सरतं असतं, बांबूच्या नळीचं, त्यातून तुरीचं बी सोडत बाईमाणूस चालतं. सरतं तिनं धरलं होतं. ओटीत बी, एक हात नळीवर, चाल बैलांच्या पावलाशी बरोबर. तास, म्हणजे पेरणीची एक ओळ, संपेपर्यंत मी बांधावर उभा राहिलो, कारण मधे थांबवलं तर ओळ मोडते.

बापानं मला ओळखलं आणि बैल थांबवले. मी दाखला पुढं केला. त्यानं हात धोतराला पुसले, पण घेतला नाही, मुलीकडं बोट केलं. तिनं तो घेतला आणि उभ्या उभ्याच वाचला, वरून खालपर्यंत, 'उत्तीर्ण' या शब्दालासुद्धा न अडखळता.

"दुसरा नंबर आला तुझा," मी म्हणालो.

बाप म्हणाला, "तुमी इतक्या दुरून आले गुरुजी, लई झालं. आता पेरणी होऊ द्या. मंग पाहू."

"भाऊ, अजूनही नाव घालता येईल. मी बोललोय त्यांच्याशी."

"हाव जी. पाहू न. पेरणी होऊ द्या." तो बैलांकडं वळला. मंग पाहू म्हणजे काय, हे मला कळत होतं. तेवढं इकडचं आणि तिकडचं सारखंच होतं.

ती दाखल्याची घडी घालत होती. घडी घालून झाल्यावर म्हणाली, "मी आलती न, गुरुजी, तुमच्या खोलीवर. तुमी म्हणले माहीत हाये."

मी खोटं बोलू शकलो असतो. विसरलो म्हटलं असतं तर चाललं असतं, मास्तर विसरतात. पण मी म्हणालो, "नव्हतं गं माहीत. आमच्याकडं साल पाडव्याला सरतं. मला वाटलं, तुम्ही राहिलात."

तिनं ते ऐकलं. तिला त्यातलं पटकन कळलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला, रागावली नाही, उलट थोडी समजूत घालावी तशी म्हणाली, "मंग इचाराचं न गुरुजी. इचाराले काय लाज हाये?"

ती मला टोचून बोलली नाही. वर्गात शिकवलेलं तिला आठवलं आणि तिनं म्हटलं, एवढंच. बापानं बैलांना हाक दिली. तिनं दाखला पोलक्यात खोचला, सरतं उचललं आणि नव्या तासाला लागली.

ती चौथीत बसली नाही. पुढच्या अखाजीला ते लोक तिथूनही गेले, कुठं ते कळलं नाही.

तक्ता माझ्याकडं बरीच वर्षं होता. वैशाखाच्या चौकोनात अक्षय्य तृतीयेखाली मी नंतर 'अखाजी' लिहिलं आणि पुढं 'साल सरते' असंही. साहेबांनी एकदा त्याच्यावर बोट ठेवून विचारलं, हे काय? मी सांगितलं. ते म्हणाले, अभ्यासक्रमात नाही. मी ते खोडलं नाही. त्या गावात मी आणखी सहा वर्षं होतो आणि दरवर्षी अखाजीच्या आधी सालदारांच्या पोरांचे पेपर गठ्ठ्यातून पहिल्यांदा काढायचो, दाखले लिहायचो, हेडमास्तरांच्या सह्या घ्यायचो आणि घरोघर नेऊन द्यायचो. काहींचं तिथंच राहायचं ठरलेलं असे, त्यांचे दाखले फुकट जात. हेडमास्तर कागद वाया जातो म्हणून कुरकुरत. सणांचा कंटाळा तेवढाच राहिला.

एका वर्षी असाच एकाच्या दारात गेलो. तो माणूस चुलीजवळून उठत म्हणाला, "इतकी घाई काऊन गुरुजी? अखाजी त परवा हाये."

माहीत आहे मला, हे शब्द तोंडाशी आले होते. मी उंबऱ्यावर बसलो आणि विचारलं, "परवाच ना? नक्की?"